शिक्षणात खंड पडला, तरी शिष्यवृत्तीचा हक्क जपता येतो

मागच्या जून महिन्यात एका रविवारी नांदुऱ्याला जाण्याचा योग आला. सकाळची वंदना आटोपली होती. विहारासमोरच्या लिंबाखाली चार माणसे बोलत उभी होती. तेवढ्यात कुबडी टेकत एक गृहस्थ पुढे आले. मागे त्यांची मुलगी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी. "जयभीम भाऊ. पोरीचं वरीस गेलं. आता स्कॉलरशिप भेटत नाही म्हणते लोकं. खरं हाये काय?" एवढे बोलून ते थांबले. मुलगी खाली पाहत होती.

आम्ही तिला शेजारी बसवून कागद पाहिले. दहावीला ८१ टक्के, बारावी विज्ञानला ७८ टक्के. वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करणारे. ज्या उन्हाळ्यात तिचा बारावीचा निकाल लागला, त्याच उन्हाळ्यात गाठी चढवताना वडिलांच्या पायावर गाठ पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. घरात कमावते तेवढेच. धाकटा भाऊ नववीत. मुलीने कॉलेजचा फॉर्म आणला होता, तो भरलाच नाही. आईबरोबर ती कापूस वेचायला गेली, नंतर शिवणाची मशीन भाड्याने आणून घरी पिको-फॉल केले. वर्ष सरले. वडील कुबडीवर का होईना, उभे राहिले. आता मुलीला बी.एस्सी.ला जायचे होते. पण वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलाने सांगितले, "गॅप पडला की स्कॉलरशिप बंद." दुसऱ्याने सल्ला दिला, "गॅप दाखवूच नका." तिसऱ्याने म्हटले, "आता कशाला शिकवता, स्थळ पाहा."

वाचकहो, ही एका घराची गोष्ट नाही. बुलढाणा जिल्ह्यातच नव्हे, साऱ्या वऱ्हाडात आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले-मुली दरवर्षी थांबतात. कोणी बापाच्या आजारपणामुळे, कोणी नीटची परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून, कोणी मोठ्या बहिणीचे लग्न निघाले म्हणून. थांबलेली सगळीच मुले पुढे शिकत नाहीत. त्यातली कित्येक केवळ "आता पैसे मिळणार नाहीत" या ऐकीव गोष्टीवर शिक्षण सोडतात. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब पानावर हाच विषय घेतला आहे. एक वर्ष थांबल्यावर कोणती शिष्यवृत्ती राहते, कोणती जाते, आणि थांबायचेच असेल तर ते वर्ष कसे जपावे, हे सरळ शब्दांत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नाव एक, योजना दोन

"गॅप पडला की बंद" ही गोष्ट आली कोठून? आम्ही शोध घेतला तेव्हा एक गंमत कळली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासनाच्या दोन निरनिराळ्या योजना आहेत.

पहिली 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती'. ही आर्थिकदृष्ट्या मागास म्हणजे ईबीसी विद्यार्थ्यांच्या फीसाठी आहे. तिच्या नियमात अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा अशी अट आहे.

दुसरी 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती'. ही आपल्या, म्हणजे अनुसूचित जातीच्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभाग देतो. दहावीत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवून अकरावी-बारावीत शिकणाऱ्याला दरमहा ३०० रुपये, दहा महिन्यांचे ३,००० रुपये मिळतात. हिला उत्पन्नाची मर्यादा नाही.

पहिल्या योजनेची अट कोणीतरी वाचली आणि शाहू महाराजांचे नाव ऐकून दुसऱ्या योजनेला चिकटवली. पुढे तीच अट सगळ्याच शिष्यवृत्त्यांना लागते असा बोलबाला झाला. म्हणून पहिला धडा हा, की 'स्कॉलरशिप' असा मोघम शब्द वापरू नका. योजनेचे पूर्ण नाव विचारा आणि त्या नावाखालचीच अट वाचा.

नांदुऱ्याच्या या मुलीने अकरावी-बारावीत गुणवत्ता शिष्यवृत्ती घेतली होती. ती योजना बारावीपर्यंतच असल्यामुळे तिचा प्रश्न पुढच्या शिष्यवृत्तीचा होता.

हक्काची शिष्यवृत्ती: खंड चालतो, दाखला लागतो

आपल्या घरांना ज्या शिष्यवृत्तीने सर्वांत जास्त आधार दिला, ती 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती'. तिचा आरंभ १९४४ सालचा. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आज सत्तरीत असलेल्या आपल्या कितीतरी शिक्षकांनी, कारकुनांनी, इंजिनिअरांनी या पैशावर वसतिगृहाचे दिवस काढले आहेत.

ही शिष्यवृत्ती गुणांच्या यादीवर मिळत नाही. विद्यार्थी अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असावा, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला नियमित प्रवेश असावा आणि केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे, या तिच्या मुख्य अटी. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेले तर निर्वाहभत्ता मिळत नाही. पण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कासाठी राज्याची 'फ्रीशिप' योजना आहे.

आता खंडाचे. महाडीबीटीवर या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जी कागदपत्रांची यादी येते, तिच्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांच्याबरोबर स्पष्ट लिहिले आहे: शिक्षणात खंड असल्यास खंडाचा दाखला. त्यावरूनच समजून घ्यावे, की शासनाने खंड गृहीत धरलेला आहे. शासन फक्त विचारते, "मधल्या काळात तुम्ही काय करीत होता?" या प्रश्नाला खरे आणि लेखी उत्तर द्यायचे, एवढेच काम असते.

रकमाही माहीत असाव्यात. २०२१ च्या सूचनांप्रमाणे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा पदवीला घरून जाणाऱ्यास वर्षाला ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये निर्वाहभत्ता ठरला. वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक पदवीला हेच आकडे ७,००० आणि १३,५०० आहेत. शिवाय परत न मिळणारी सक्तीची फी वेगळी. व्यावसायिक शिक्षणात खरी मदत या फीचीच असते.

आम्ही हे सांगितल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारले, "मंग लोकं काहून म्हणते बंद झाली?" आम्ही म्हटले, "भाऊ, लोकांनी यादी वाचली नाही."

जिथे वर्ष जाते तिथे पैसाही जातो

पण वाचकांना अर्धेच सांगून चालणार नाही. काही शिष्यवृत्त्या अशा आहेत की एक वर्ष थांबले तर त्या हातून जातात.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. बारावीच्या परीक्षेत आपल्या शाखेत मंडळाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या मुलांना ती मिळू शकते. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या. पालकांचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये. पुढे चालू ठेवायला दरवर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. ही यादी त्या-त्या वर्षाच्या बारावीच्या निकालावर तयार होते. म्हणून ज्या वर्षी बारावी, त्याच वर्षी प्रवेश आणि त्याच वर्षी अर्ज, असे समजूनच चालावे.

दुसरी विज्ञान खात्याची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती. मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेलेल्या मुलांसाठी ही योजना वर्षाला ८०,००० रुपयांची. तिलाही त्याच वर्षी बारावी आणि त्याच वर्षी प्रवेश हवा.

आता हिशेब करून पाहा. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती तीन वर्षांत ३६,००० रुपये देते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून घरून बी.एस्सी. करणाऱ्याला तीन वर्षांत ९,००० रुपये आणि फी मिळते. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, एकच निवडावी लागते. जिथे फी थोडी आहे तिथे १२,००० वाली बरी. जिथे फी मोठी आहे तिथे मॅट्रिकोत्तर बरी. ही निवड करण्याची संधी चांगल्या गुणांच्या मुलाला बारावीनंतरच्या पहिल्याच वर्षी असते.

नांदुऱ्याच्या मुलीचे गुण चांगले होते. त्या वर्षी तिने जवळच्या कॉलेजात नाव घातले असते, तर निदान अर्ज तरी करता आला असता. ती संधी गेली. हे आम्ही तिच्यापासून लपवले नाही. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, मले हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही." खरी खंत ही आहे. गरिबी होती हे खरे, पण माहितीही नव्हती.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा बारावीचा चांगला निकाल आहे त्यांनी थांबण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. अडचण पैशाची असेल तर त्याच वर्षी प्रवेश घेऊन शिष्यवृत्तीचा अर्ज करणे हाच पुष्कळदा अडचणीवरचा उपाय असतो. गावाबाहेर शिकायला पाठवणे परवडत नाही आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. राहण्या-जेवणासाठी तिच्यात शहराप्रमाणे वर्षाला रक्कम ठरलेली आहे; मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती ६०,००० रुपये आहे. हे सगळे पाहूनही थांबावेच लागले, तर थांबा. पण पुढे सांगतो तसे थांबा.

बाबासाहेबांनी आपले वर्ष कसे जपले

शिक्षणात खंड पडला म्हणून ज्यांना लाज वाटते, त्यांनी बाबासाहेबांचे १९१७ साल आठवावे.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. बडोद्याच्या करारामुळे तेथे नोकरीवर हजर व्हावे लागले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कसा अपमान सोसावा लागला, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

पण एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवून ठेवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती. हातात पैसा नव्हता, महायुद्ध चालू होते, परत कधी येऊ याचा भरवसा नव्हता. तरी त्यांनी दार लावून घेतले नाही. मुदत लिहून घेतली.

मग मुंबईला नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. काटकसरीने पैसे साठवले. माता रमाईने पोयबावाडीच्या चाळीत किती ओढ काढली ते सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. आणि १९२० साली, चार वर्षांची मुदत संपायच्या आत, बाबासाहेब लंडनला परत गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

तीन वर्षांचा तो खंड होता. बाबासाहेबांनी तो झाकला नाही आणि विसरूही दिला नाही. जाण्यापूर्वी लेखी परवानगी, मधल्या काळात तयारी आणि मुदतीच्या आत परत. आपल्या मुलांनी खंडाच्या वर्षात नेमके हेच करायचे आहे.

खंडाचे वर्ष कसे जपावे

आता कामाच्या गोष्टी सांगतो. हे कात्रण कापून घरात ठेवले तरी चालेल.

एक. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला यांच्या मूळ प्रती कोणाकडेही गहाण किंवा 'ठेवायला' देऊ नका. नुसते नाव लागावे म्हणून एखाद्या कॉलेजात प्रवेश घेऊन मूळ दाखला तिथे अडकवू नका.

दोन. नावापुरता प्रवेश घेऊन खंड झाकण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. "बी.ए.ला नाव टाकून ठेव, वर्गात जाऊ नको, नीटचा अभ्यास कर." यात दोन धोके आहेत. त्या वर्षाची शिष्यवृत्ती उचलली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला पुन्हा अर्ज केला, तर तेच वर्ष दोनदा का मागता, असा प्रश्न येतो. शिवाय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. वर्गात न जाता पैसे उचलणे नियमात बसत नाही आणि आपल्याला शोभतही नाही. खोट्या प्रवेशापेक्षा खरा खंड बरा.

तीन. खंडाचे कारण ज्या दिवशी घडले त्याच दिवसापासून कागद जपा. दवाखान्याची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची पावती, क्लासची पावती, नीट किंवा सीईटीचे हॉलतिकीट व निकाल, कामावरच्या मालकाची चिठ्ठी, जे असेल ते. वर्षभराने हे कागद सापडत नाहीत आणि मग माणूस खोटे कारण लिहायला लागतो.

चार. खंडाचा दाखला म्हणजे बहुधा प्रतिज्ञापत्र असते. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची असेल तर तिने स्वतः, नाही तर पालकांनी करायचे. त्यात शेवटची परीक्षा कोणती, कोणत्या वर्षी व कोणत्या बैठक क्रमांकाने दिली, खंड कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कारण काय, त्या काळात दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही आणि कोणतीही शिष्यवृत्ती घेतली नाही, एवढे स्पष्ट लिहावे. कॉलेजचा ठरलेला नमुना असतो का, ते आधी कार्यालयात विचारावे. शासकीय कार्यालयात सादर करायच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. २०२५ साली महसूल विभागाने ते पुन्हा जाहीर केले आहे. तरी तहसीलबाहेर बसणारा कोणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावत असेल, तर आधी आत जाऊन विचारा.

पाच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो. मागच्या वर्षी काढलेला दाखला घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रवेशाच्या वर्षाला चालणारा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा.

सहा. खंडाचे वर्ष जात वैधता प्रमाणपत्रासाठी उत्तम असते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा व्यावसायिक शिक्षणाला ते लागते. आजोबांच्या शाळेच्या नोंदी, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधायला वेळ लागतो. एरवी प्रवेशाच्या घाईत धावाधाव होते. ती या वर्षात शांतपणे करता येते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या कामासाठी धर्मांतरित बौद्धांच्या जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे. दाखला काढताना तो कोणत्या कामासाठी हवा, हे सांगून योग्य नमुन्यात मागावा.

सात. मोबाइल नंबर बदलू नका. हसण्यासारखे वाटेल, पण आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त अर्ज यातच अडकतात. नांदुऱ्याच्या मुलीचेही तेच झाले. वर्षभर रिचार्ज केला नाही, नंबर बंद पडला. महाडीबीटीचे खाते अकरावीतच उघडलेले, ओटीपी जातो बंद नंबरवर. आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडला, बँकेत आधार जोडणी तपासली, तेव्हा पुढचे काम झाले. दोन दिवसांची मजुरी यात गेली.

आठ. नीटला वयाची वरची मर्यादा २०२२ पासून नाही. पण आयआयटीची जेईई ॲडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, अशी दोनदाच देता येते. म्हणजे एक वर्ष थांबणे चालते, दोन वर्षे नाही. कोणत्या परीक्षेसाठी थांबतो आहोत त्याप्रमाणे मुदत ठरवूनच थांबावे.

आणि कॉलेजात गेल्यानंतर मध्येच आजारपण आले तर? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याचे उत्तर लिहिलेले आहे. आजारामुळे किंवा अचानक आलेल्या संकटामुळे वार्षिक परीक्षा देता आली नाही, तर वैद्यकीय दाखला व पुरावा प्राचार्यांना द्यावा. विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर उत्तीर्ण झाला असता, असे प्राचार्यांनी प्रमाणित केले तर शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवता येते. म्हणून आजारी पडल्यावर घरी गप्प बसू नका. त्याच आठवड्यात प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुलीचे वर्ष जास्त धोक्याचे

एक गोष्ट आयाबायांसाठी मुद्दाम लिहितो. मुलगा एक वर्ष थांबला तर लोक म्हणतात, तयारी करतोय. मुलगी थांबली की लोक म्हणतात, घरी बसली आहे. आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे यायला वेळ लागत नाही. नांदुऱ्याच्या मुलीलाही त्या वर्षात दोन स्थळे आली. तिच्या आईने मात्र पाय रोवला. "बापाचा पाय बरा होऊ द्या, पोरगी कॉलेजात जाईन," असे तिने पाहुण्यांना तोंडावर सांगितले.

शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांच्या यादीत हेही आहे, की मुलगी विवाहित असेल तर पतीच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हणजे लग्नानंतरही मुलीचा शिष्यवृत्तीचा हक्क संपत नाही, पण कागद मात्र सासरच्या हातात जातो. तो दाखला आणून देणारा नवरा आणि सासरा किती, याचा विचार प्रत्येक बापाने आपल्या मनाशी करावा. खंडाच्या वर्षात मुलीला विचारा, "तू कोणत्या महिन्यात, कोणत्या कॉलेजात परत जाणार?" हे ठरलेले असले की पाहुण्यांना उत्तर द्यायला आईला बळ येते.

पुढे काय झाले

त्या रविवारी आम्ही विहाराच्या ओट्यावर बसून मुलीच्या हाताने प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा लिहून घेतला. "वडिलांच्या अपघातामुळे घरची जबाबदारी पडल्याने" हे वाक्य लिहिताना तिचा हात थांबला. "हे लिहिलं तं चालते काय? कमी नाही वाटणार?" आम्ही म्हटले, "बाळ, बापाला सांभाळले, भावाची शाळा चालू ठेवली. यात कमी काय आहे? हे खरे आहे, म्हणून हेच लिही."

जुलैत तिने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. खंडाचा दाखला, उत्पन्नाचा नवा दाखला, दवाखान्याचे कागद जोडून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कार्यालयातल्या बाबूंनी सगळे कागद पाहून एकच प्रश्न विचारला, "एक वर्ष काय केलं?" तिने दाखला पुढे केला. अर्ज पुढे गेला. ती आता सकाळच्या गाडीने कॉलेजला जाते आणि संध्याकाळी पिको-फॉल करते. वडील जिनिंगवर हमाली करू शकत नाहीत. गेटवर नोंदीचे काम मिळाले आहे. केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची संधी हुकली ती हुकलीच. पण शिक्षण हुकले नाही.

तिनेच आम्हाला एक गोष्ट सुचवली. विहारात एक वही ठेवायची. वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, टक्के आणि पुढे कुठे प्रवेश घेतला, हे त्या वहीत लिहायचे. ज्याच्या नावापुढची जागा रिकामी, त्याच्या घरी आषाढ पौर्णिमेच्या आत कोणीतरी जाऊन विचारायचे. वर्षावासात तीन महिने आपण ग्रंथवाचनाला जमतोच. त्यातला एक रविवार दाखले आणि अर्जांसाठी ठेवायचा, शिकलेल्या मुलांनी मोबाइल घेऊन बसायचे. खर्च काही नाही. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव लिहिले आहे आणि पुढच्या रकान्यात: "एक वर्ष खंड. परत गेले."

आपापल्या गावच्या विहारात अशी वही सुरू करावी, ही आमची सर्व वाचक बंधू-भगिनींना विनंती. जयभीम.